वाचकांचे प्रश्न : काउंटरच्या पलीकडची माणसं

मागच्या अंकात विट्याच्या एका विद्यार्थिनीचं छोटं पत्र आम्ही छापलं होतं. बीसीएच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाला असलेल्या या मुलीने लिहिलं होतं : ‘वेबसाइट दिसायला कशी आहे हे मी नंतर बघते. खेड्यातून आलेल्या बाईला ती कोणाची मदत न घेता वापरता येईल का, हे आधी बघते.’ त्या पत्रावर वाचकांचे बरेच प्रश्न आले. त्यांतले निवडक आम्ही तिच्याकडे पाठवले. उत्तरं तिच्याच शब्दांत.

*

तुझं पत्र आवडलं. तू कुठली, घरचं काय, या वाटेला कशी लागलीस, ते सविस्तर लिही. माझी नात याच विषयाकडे जाऊ म्हणते, तिला वाचून दाखवीन.
— निवृत्त शिक्षक, कराड

सर, नमस्कार. विट्यात एसटी स्टँडजवळ माझ्या पप्पांचं दुकान आहे. पाटीवर लिहिलंय, ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म’. एक मोठं झेरॉक्स मशीन, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि समोर काचेचा काउंटर. त्या काचेखाली लोकांनी विसरलेले पासपोर्ट साइज फोटो पप्पा नीट मांडून ठेवतात, म्हणजे ज्याचा त्याला परत मिळावा. मी आठवीपासून शाळा सुटली की त्या काउंटरवर बसते. वेबसाइटबद्दल मला जे काही कळतं, त्यातलं निम्म्याहून जास्त तिथलं आहे.

आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळायचं काम. त्यासाठी तमिळनाडू, केरळ, बंगाल, पंजाब, सगळीकडे पांगलेली आहेत. दिवाळीला आणि गावच्या यात्रेला ती घरी येतात आणि तेव्हाच दाखले, रेशनकार्ड, मुलांचे प्रवेश, सातबारा, सगळी कामं काढतात. आठवड्याची सुट्टी, त्यातले चार दिवस आमच्या काउंटरवर. एखादं पान उघडायला तीन मिनिटं लागली, की मागे उभ्या असलेल्या नऊ जणांच्या चेहऱ्यावर ती तीन मिनिटं दिसतात. कॉलेजात ‘पेज लोड टाइम’ शिकवायला घेतलं, तेव्हा मला ते नऊ चेहरेच आठवले.

एक प्रसंग सांगते, कारण माझी वाट तिथून सुरू झाली. मी दहावीत होते. खानापूरच्या बाजूच्या एका गावातून एक आजी आल्या. एका योजनेचा अर्ज भरायचा होता. साडेदहाच्या गाडीने आलेल्या, एकच्या गाडीने परत जायचं. पिशवीत आधार कार्ड, रेशनकार्ड, फोटो, सगळं एका प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून, वर रबर लावलेलं. अर्ज चार पानांचा. पहिली दोन पानं भरली. तिसऱ्या पानावर बँकेच्या पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मागितला. पासबुक घरी राहिलेलं. मी म्हटलं, आजी, पासबुक लागेल. त्या म्हणाल्या, “आधी सांगायचं नाही का गं बाळा, घेऊन आले असते की.”

आधी सांगायला पहिल्या पानावर काही नव्हतंच. भरलेलं जतन करायची सोयही नव्हती. आजी दुसऱ्या दिवशी परत आल्या आणि पहिल्या ओळीपासून सगळं पुन्हा भरलं. त्यांचा दोन वेळचा एसटीचा खर्च झाला, दोन दिवसांची भांगलणीची मजुरी बुडाली. पहिल्या पानावर ‘ही पाच कागदपत्रं जवळ ठेवा’ अशी एक ओळ असती, तर यातलं काहीच झालं नसतं.

त्या संध्याकाळी मी वहीची पानं फाडून, दुकानात नेहमी येणाऱ्या अकरा फॉर्मना काय काय लागतं ते मोठ्या अक्षरात लिहून काढलं आणि काचेखाली, त्या फोटोंच्या शेजारी सरकवलं. आठवडाभरात लोक त्या कागदांचे मोबाइलवर फोटो काढून गावाकडे पाठवायला लागले. पुढे सांगलीला बीसीएला प्रवेश घेतला. रोज एसटीने जाऊन-येऊन करते. पहिल्या सहामाहीत एचटीएमएल, म्हणजे वेबपान लिहायची भाषा, शिकले आणि पहिलं पान बनवलं ते त्याच अकरा याद्यांचं. चित्र नाही, हलणारं काही नाही. काळी अक्षरं, पांढरा कागद, अकरा दुवे. आजही दुकानाच्या दारावर त्याचा क्यूआर कोड चिकटवलेला आहे.

तुमच्या नातीला एक काम सांगा. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत जगातली पहिली वेबसाइट बनवली, ती १९९१ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. सर्नने २०१३ मध्ये ती मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवली आहे. ती तिला मोबाइलवर उघडायला सांगा. स्मार्टफोन नव्हताच तेव्हाचं ते पान आजच्या फोनवर क्षणात उघडतं आणि नीट वाचता येतं, कारण त्यात मजकूर आणि दुवे यांशिवाय काही नाही. वेबची मूळ घडणच अशी आहे, की पान वाचणाऱ्याच्या पडद्याप्रमाणे स्वतःला बसवून घेतं. मोबाइलवर आडवं सरकवावं लागणारं पान ही आपण नंतर घातलेली अडचण आहे. ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये लवचिक मांडणीची पद्धत सांगितली, आज सगळे ‘रिस्पॉन्सिव्ह’ म्हणतात ती. मला ते वाचताना वाटलं, हे वेबला तिच्या मूळ स्वभावाकडे परत नेणं आहे.

*

मी कोकम, आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी करून विकते. पुतण्याच्या मित्राने वेबसाइट करून दिली. दिसायला देखणी आहे. पण वर्ष झालं, ऑर्डरी अजून फोनवरच येतात. काय चुकतंय?
— गृहउद्योजिका, देवरुख

ताई, तुम्ही दिलेला पत्ता मी दोनदा उघडला. एकदा कॉलेजच्या वायफायवर आणि एकदा एसटीत, मोबाइल डेटावर. कॉलेजात छान दिसली. एसटीत मी तासगाव ओलांडलं तरी पहिला फोटो अर्धाच आला होता.

कारण सापडलं. वर जे एकामागून एक बदलणारे फोटो आहेत, ते बारा आहेत आणि मोबाइलने काढले तसेच चढवलेत. एकेक साधारण चार एमबीचा, म्हणजे सगळे मिळून ४८ एमबी. वेबसाइट तपासायला लाइटहाऊस म्हणून एक मोफत साधन आहे. मोबाइलची चाचणी घेताना ते नेटचा वेग सेकंदाला १.६ मेगाबिट धरतं (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी). त्या वेगाने हे बारा फोटो उतरायला चार मिनिटं लागतात. एवढ्या वेळात गिऱ्हाईक दुसरीकडून कोकम घेऊन मोकळं होतं. हेच फोटो पडद्याच्या मापाचे करून, वेबपी या हलक्या प्रकारात जतन केले, की एकेक शंभर केबीच्या आत बसतो आणि कोकमाचा रंग जराही उतरत नाही. मी दोन फोटो तसे करून पाठवले आहेत, ताडून पाहा.

पण फोटो हलके करून ऑर्डरी येणार नाहीत. खरी अडचण पुढे आहे. पान उघडल्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘परंपरेची चव, मायेचा स्पर्श’. त्याखाली तुमच्या आजेसासूबाईंची गोष्ट. ती गोष्ट मला फार आवडली, ती ठेवाच. पण मी फणसपोळी घ्यायला आले होते आणि ती पाव किलोची असते की अर्ध्याची, केवढ्याला, विट्याला पाठवता का, किती दिवसांत येईल, यातलं मला काहीच कळलं नाही. ‘अधिक माहिती’ असं बटण होतं. ते दाबल्यावर पुन्हा एक सुंदर फोटो आला. सगळ्यात खाली तुमचा फोन नंबर दिसला, पण तो चित्रात लिहिलेला आहे. बोट टेकवून फोन लागत नाही, नंबर पाठ करून पुन्हा दाबावा लागतो.

तुम्ही एक करा. पुढचे पंधरा दिवस फोनशेजारी वही ठेवा. फोन करणारा पहिलं वाक्य काय बोलतो, ते त्याच्याच शब्दांत लिहा. ‘कोकम बिनबियांचं आहे का?’ ‘आमसुलाला मीठ किती?’ ‘पुण्याला कधी पोचेल?’ पंधरा दिवसांनी ती वही उघडलीत, की तुमच्या वेबसाइटचं पहिलं पान तयार असेल. जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला, त्याचं उत्तर सगळ्यात वर. पदार्थ, वजन, किंमत, कुठवर पाठवता, पैसे कसे द्यायचे. आणि नंबर असा, की बोट ठेवलं की फोन लागलाच पाहिजे.

फणसपोळी फणसाच्या दिवसांतच होते आणि पुढे संपते. संपली की तसं लिहा, ‘या वर्षीची संपली, पुढची मे महिन्यात’. वर्षभर ‘उपलब्ध’ लिहिलेलं असलं आणि फोन केल्यावर ‘नाही हो’ ऐकू आलं, की माणूस बाकीच्या पानावरचाही विश्वास काढून घेतो.

आणि ऑर्डरी फोनवर येतात याचं वाईट वाटून घेऊ नका. खाण्याची वस्तू लांबून मागवताना लोकांना माणसाचा आवाज ऐकावासा वाटतो. ‘कोकम आहे का’ इथून सुरू होणारा फोन ‘अर्धा किलो कोकम आणि दोन फणसपोळ्या पाठवा’ इथून सुरू व्हायला लागला, की तुमच्या वेबसाइटने तिचं काम केलं.

*

मराठी वेबसाइटवर अक्षरं तुटलेली, एकमेकांत अडकलेली का दिसतात? इंग्रजी मजकूर मात्र नीट असतो.
— मुद्रितशोधक, पुणे

या प्रश्नाने मला फार बरं वाटलं, कारण यावर कॉलेजात मी एकटीच भांडत असते.

बहुतेक साइटचा साचा इंग्रजीसाठी बनवलेला असतो आणि त्यात मराठी ओतलेली असते. इंग्रजीत मथळा ऐसपैस दिसावा म्हणून दोन अक्षरांत अंतर वाढवायची पद्धत आहे. तीच आज्ञा देवनागरीला लागली, की शिरोरेषा तुटते. दोरीवरचे कपडे एकेक करून खाली पडावेत तसे शब्द दिसतात. मी ज्या ज्या मराठी साइटचा कोड उघडते, तिथे आधी ही ओळ शोधते आणि खोडते.

दुसरं, ओळींमधलं अंतर. इंग्रजी अक्षराच्या डोक्यावर फारसं काही नसतं. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, कधी जोडाक्षराचा दुसरा मजला. ‘र्कीं’ची वेलांटी आणि वरच्या ओळीतल्या ‘द्धृ’चं शेपूट एकमेकांना भिडतात. अक्षराच्या मापाच्या दीडपट ते पावणेदोनपट अंतर ठेवलं की मजकूर श्वास घेतो. तिसरं, इंग्रजीतली तिरपी अक्षरं. बऱ्याच देवनागरी फाँटमध्ये तिरप्या वळणाची अक्षरं बनवलेलीच नसतात, मग ब्राउझर उभी अक्षरंच ओढून वाकडी करतो. जोर द्यायचा असेल तर ठळक करा, तिरपं करू नका.

आणि तुम्हाला मुद्रितशोधक म्हणून ही गोष्ट नक्की खटकत असेल : मराठी मजकुरात हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’. आपल्या वर्णमालेत कोणती वळणं घ्यायची, ते महाराष्ट्र शासनाच्या निर्णयात दिलेलं आहे. वेबपानाच्या कोडच्या अगदी सुरुवातीच्या एका ओळीत हा मजकूर कोणत्या भाषेतला आहे ते सांगायची जागा असते. पुष्कळ मराठी साइटवर तिथे इंग्रजीच लिहिलेलं राहतं. तिथे मराठी लिहिलं आणि फाँटमध्ये सोय असली, तर मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आपोआप येतात. तेवढ्याच ओळीमुळे पान वाचून दाखवणारं यंत्रही मराठी उच्चार करतं. अख्ख्या कामाला दहा सेकंद लागतात.

मजकूर अगदीच अगम्य, रोमन अक्षरांच्या खिचडीसारखा दिसला, तर ते युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेलं समजा. डीटीपीच्या काळात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली होती. तो फाँट तुमच्याकडे नसला, की खालचं इंग्रजी उघडं पडतं. असा मजकूर शोधलाही जात नाही. कितीतरी संस्थांची जुनी कागदपत्रं अशीच नेटवर असून नसल्यासारखी पडली आहेत. ती युनिकोडमध्ये आणायचं काम कोणी हातात घेत असेल, तर मी सुट्टीत यायला तयार आहे.

*

वेबसाइटला कोणता रंग चांगला?
— विद्यार्थी, नांदेड

तुला आवडेल तो घे. फक्त अक्षराचा रंग आणि मागचा रंग यांत पुरेसा फरक ठेव. जगभर मानली जाणारी सुलभतेची नियमावली साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ हे प्रमाण सांगते, मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १. मोजून देणारी साधनं मोफत आहेत. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं हल्ली फार दिसतात, ती यात नापास होतात. मोजायचं नसेल तर दुपारी बारा वाजता फोन घेऊन उन्हात उभा राहा.

*

लग्नानंतर बेंगळुरूला आले. इथल्या नोकरीचा असो की महाराष्ट्रातल्या दाखल्याचा, ऑनलाइन अर्जात माझं नाव दर वेळी ‘जुळत नाही’ असं येतं. चूक माझी की फॉर्मची?
— नोकरदार वाचक

ताई, फॉर्मची. आमच्या काउंटरवर सगळ्यात जास्त वेळ या एका गोष्टीत जातो.

आपलं नाव तीन शब्दांचं. स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. दहावीच्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी. आधारवर बहुतेकांचं स्वतःचं नाव आधी. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव बदललेलं, पण गुणपत्रिका जुन्याच नावाची. आणि फॉर्म विचारतो, ‘फर्स्ट नेम, लास्ट नेम’. गुणपत्रिका समोर धरून भरणाऱ्या मुलीला वाटतं, पहिलं छापलंय ते फर्स्ट नेम. ती आडनाव तिथे टाकते. तिची चूक नाही, कागदावर पहिलं तेच आहे.

मी स्वतः फॉर्म बनवते तेव्हा एकच मोठी चौकट ठेवते : ‘दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं छापलं आहे तसं पूर्ण नाव’. त्याखाली लहानसं उदाहरण. वेगळं हवं असेल तर आणखी एक चौकट : ‘आता वापरात असलेलं नाव वेगळं असल्यास’. दोन्ही नावं कायदेशीर आहेत, फॉर्मने दोन्हींना जागा द्यायला हवी.

मराठी कीबोर्डचीही अशीच गोष्ट. लोक मोबाइल नंबर ‘९८…’ असा मराठी अंकांत टाकतात आणि फॉर्म लाल होऊन ‘अवैध क्रमांक’ म्हणतो. माणूस दहा आकडे पुन्हा पुन्हा मोजतो, दहाच भरतात, तरी लाल. बिचारा घाबरतो. फॉर्म तपासणारा कोड ज्या भाषेत लिहितात, त्या जावास्क्रिप्टमधली अंक तपासण्याची नेहमीची खूण फक्त इंग्रजी ० ते ९ ओळखते, हे त्याला कसं कळणार? मराठी अंक आतल्या आत इंग्रजीत बदलून घ्यायला दोन-तीन ओळींचा कोड पुरतो. आणखी एक : युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीच्या एकेका चिन्हाला ३ बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला १. नावासाठी ५० बाइटची जागा ठेवणाऱ्याला वाटतं, भरपूर झाली. त्यात मराठीची जेमतेम १६ चिन्हं बसतात, आणि काना-मात्राही त्यात वेगळ्या मोजल्या जातात. मग दाखल्यावर आडनाव अर्धवट छापून येतं आणि माणूस चार महिने खेटे घालतो.

*

माझा धाकटा भाऊ अंध आहे. तो फोन छान वापरतो, पण काही वेबसाइटवर अडतो. बनवणाऱ्यांना हे शिकवत नाहीत का?
— वाचक, नाशिक

आमच्या अभ्यासक्रमात यावर जेमतेम एक तास झाला. त्यामुळे मी स्वतः शिकायला घेतलं. फोनमधला टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, चालू केला, पडदा पूर्ण काळा केला, डोळे मिटले आणि मी बनवलेलं अकरा याद्यांचं पान ऐकलं. ते ठीक चाललं. मग त्याच दिवशी मी माझा स्कॉलरशिपचा अर्ज ज्या पोर्टलवर भरला होता, ते ऐकायला घेतलं. एकामागून एक चौकटी आल्या आणि प्रत्येक वेळी ऐकू आलं : ‘एडिट बॉक्स’. पुढे पुन्हा ‘एडिट बॉक्स’. कशात नाव लिहायचं, कशात खाते क्रमांक, काही कळेना. दिसायला त्या चौकटींशेजारी नावं होती, पण कोडमध्ये ती चौकटीला बांधलेली नव्हती. बटणाऐवजी चित्र होतं आणि त्याचं नाव म्हणून फाइलचा नंबर वाचला गेला. शेवटी वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅप्चा, आणि तो ऐकण्याची सोय नाही. मी अकरा मिनिटांनी हरून डोळे उघडले. तुमच्या भावाला ते करता येत नाही.

नावं चौकटींना बांधणं, चित्राला शब्दांत वर्णन देणं, ही अवघड कामं नाहीत. पहिल्या वर्षाचा मुलगा दुपारभरात करील. वेळेचंही तसंच. अर्ज भरताना वेळ संपून सगळं पुसलं जातं, त्याबद्दल मी मघाशी रंगांच्या उत्तरात म्हटलं त्याच नियमावलीत तरतूद आहे : वेळ संपण्याआधी सांगा आणि साध्या कृतीने वाढवून घ्यायला किमान २० सेकंद द्या. ऐकून भरणाऱ्याला हे लागतं, आणि एका बोटाने टाइप करणाऱ्या माझ्या चुलत्यांनाही. सरकारी संकेतस्थळांसाठी आपल्या देशात २००९ पासून मार्गदर्शक सूचना आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदाही आहे. तुमच्या भावाला अडलेल्या प्रत्येक पानाचा पत्ता आणि कुठे अडलं ते लिहून त्या त्या विभागाला तक्रार पाठवायला सांगा. मराठीत लिहिलेली चालते.

त्याला हेही सांगा, की कॉम्प्युटरवर पडदा वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा मोफत प्रोग्रॅम २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने सुरू केला आणि जेम्स टेह हे तसेच अंध सहकारी त्याला येऊन मिळाले. त्याची इच्छा असेल तर आमच्या पुढच्या प्रोजेक्टची तपासणी तो करील का, हे मी मनापासून विचारते आहे. संपादकांकडून माझा पत्ता घ्या.

*

कोर्स कोणता करावा, लॅपटॉप किती रुपयांचा घ्यावा?
— बारावीचा विद्यार्थी, बार्शी

मी पहिलं दीड वर्ष दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर काढलं. एचटीएमएल आणि पानाची मांडणी-रंग ठरवणारं सीएसएस नोटपॅडमध्ये लिहिता येतं. आधी ती दोन नीट शीक, महिनाभर बाकी काही उघडू नकोस. आणि तुझ्या घरातल्या किंवा गल्लीतल्या एका माणसाची खरी गरज शोधून त्याच्यासाठी पान बनव. तो वापरताना शेजारी बस, पण बोलू नकोस. हे न बोलणं मला सगळ्यात जड गेलं.

*

सगळ्या वेबसाइट तुझ्या म्हणण्याप्रमाणे सोप्या झाल्या, तर वडिलांच्या दुकानाचं काय?
— वाचक, सोलापूर

हा प्रश्न मी घरी वाचून दाखवला. आई गप्प झाली. दुकानावर आमचं घर चालतं, माझी फीसुद्धा.

मी जे पाहिलंय ते सांगते. काचेखाली याद्या लावल्यावर लोक एका खेपेत काम करून जायला लागले, म्हणजे खरं तर आमच्याकडच्या खेपा कमी झाल्या. पण पप्पांना रात्री साडेनऊपर्यंत बसावं लागायचं, ते आठला दुकान बंद करायला लागले. आणि लोक वेगळी कामं घेऊन यायला लागले. अर्ज नामंजूर झाला त्याचं पत्र वाचून घ्यायला, हरकत कशी लिहायची ते विचारायला, पोराला कुठल्या शाखेला घालू ते बोलायला. या कामांना वेबसाइट पुरी पडत नाही, तिथे पप्पाच लागतात. त्यांचे पैसे ठरलेले नसतात, ते कमी मिळतात, हेही खरं आहे. पुढे काय होईल याची मला काळजी आहे. पण आजींनी दोन दिवसांची मजुरी घालवावी आणि त्यावर माझी फी भरली जावी, हे मला पटवून घेता येत नाही.

पप्पांनी तुमच्या प्रश्नावर काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताना त्यांनी काचेखालून तिसऱ्या नंबरची यादी बाहेर काढली, त्यातली एक ओळ पेनाने खोडली, खाली नवीन लिहिली आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, “हा दाखला आता नवीन लागतोय. गाडीत बसलीस की आधी पानावर बदल, यात्रा चार दिवसांवर आलीय.”